एकवीस गिअर आणि एक सूत

गिअरच्या सायकलींच्या दुकानात गेलं की पहिलं वाक्य बहुतेक वेळा हेच ऐकू येतं, ‘एकवीस गिअर आहेत.’ पुढची महागडी सायकल दाखवताना तोच माणूस म्हणतो, ‘हिला पुढे एकच आणि मागे बारा. लेटेस्ट आहे.’ म्हणजे आधीची एकवीस गिअर म्हणून भारी आणि ही बारा गिअर म्हणून त्याहून भारी! मी गणित शिकवतो. हा हिशेब मला कधीच पटला नाही. पण यंदा तो थेट आमच्या घरात आला, म्हणून हा लेख लिहितोय.

मी साताऱ्यात राहतो. माझा भाचा १९ वर्षांचा आहे, डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला. दहावी झाल्यावर त्याला एक माउंटन बाईक घेऊन दिली होती. पुढे तीन, मागे सात, एकूण एकवीस गिअरची. कॉलेजला तो तिच्यावरच जातो आणि रविवारी मित्रांबरोबर यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याला लागतो. सातारा ते कास सुमारे २५ किलोमीटर, आणि त्यातला पहिला घाटच माणसाचा दम काढतो. गेलं वर्षभर हा मुलगा घाटात खाली उतरून सायकल ढकलत होता. जोर लावला की चेन दातांवरून उडायची, गिअर मागितला एक की पडायचा दुसरा. बाकीची मुलं वर जाऊन चहा पिऊन झाली तरी हा खालच्या वळणावर. सायकल ढकलणाऱ्याला कोणी वाईट बोलत नाही, पण थांबून वाट पाहणाऱ्यांच्या नजरा त्याला कळतात.

तो एका दुकानात गेला. तिथे त्याला सांगितलं, ‘हिच्यात पैसे घालू नकोस. सगळी ड्राइव्हट्रेन बदलावी लागेल. त्यापेक्षा नवी घे, हप्ते करून देतो.’ नवी सायकल ४५ हजारांची. माझी बहीण शिवणकाम करते. तिने फोन केला, ‘भाईजान, तुम्हीच बघा. मी नाही म्हटलं की त्याला वाटतं अम्मीला फक्त पैशाचं पडलंय.’

मी सायकल बघायला गेलो तेव्हा माझ्या डोक्यातही उपदेशच होता. आमच्या वेळी साध्या काळ्या सायकलीवर अख्खा जिल्हा पालथा घालायचो, वगैरे. सुदैवाने तो मी गिळला. कारण त्या मुलाचा प्रश्न खरा होता. त्याची सायकल खरोखर घाट चढत नव्हती. चूक होती ती उत्तरात.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. स्वस्त माउंटन बाईक चढाला साथ देत नसेल तर दहापैकी आठ वेळा तिला नवी ड्राइव्हट्रेन नको असते. तिला झिजलेले दोन-तीन भाग बदलून हवे असतात, आणि ते बदलताना एकच गोष्ट मुद्दाम निवडायची असते, ती म्हणजे मागचा सर्वांत मोठा चक्र. गिअर किती, हा प्रश्न दुकानाचा आहे. सर्वांत हलका गिअर किती हलका, हा प्रश्न चालवणाऱ्याचा आहे. आणि या दोन प्रश्नांतला फरक गरिबाच्या मुलाला कोणी समजावून सांगत नाही, हे मला जास्त खटकतं.

ड्राइव्हट्रेन हा शब्द मोठा वाटतो, पण वस्तू साधी आहे. पायडलवर दिलेला जोर मागच्या चाकापर्यंत नेणारी ती साखळी आहे. क्रँक, पुढची दात्यांची चक्रं, चेन, मागचं फ्रीव्हील, चेन इकडून तिकडे ढकलणारा डिरेलर, हँडलवरचा शिफ्टर आणि या दोघांना जोडणारी केबल. एवढंच.

आता हिशेब. भाच्याच्या सायकलीला पुढे ४२, ३४ आणि २४ दात्यांची तीन चक्रं आहेत. मागे सात चक्रं, सर्वांत लहान १४ दात्यांचं आणि सर्वांत मोठं २८ दात्यांचं. आपल्याकडच्या स्वस्त माउंटन बाईकवर ही जोडी बरीच दिसते. पुढचे दाते भागिले मागचे दाते केलं की पायडलच्या एका फेऱ्यात मागचं चाक किती फेरे घेतं ते कळतं. सर्वांत हलका गिअर २४ भागिले २८, म्हणजे ०.८६. सर्वांत जड ४२ भागिले १४, म्हणजे बरोबर ३. बाकी एकोणीस गिअर या दोन टोकांच्या मधले. त्यातले बरेच एकमेकांवर चढलेले, आणि मोठ्या चक्रावरून मोठ्याकडे किंवा लहानावरून लहानाकडे चेन तिरकी जाते म्हणून काही वापरूच नयेत असे. एकवीस हा आकडा खोटा नाही, पण कामाचाही नाही.

घाटात कामाचा आकडा फक्त ०.८६. २६ इंची चाकाचा घेर सुमारे दोन मीटर असतो. मिनिटाला ६० फेरे पायडल मारले तर या गिअरमध्ये सायकल ताशी सव्वासहा किलोमीटरच्या आसपास जाते. चढावर तेवढा वेग ठेवायची ताकद पायात नसेल तर पायडलचे फेरे कमी होतात, गुडघ्यावर ताण येतो, आणि माणूस उतरतो. म्हणजे भाचा कमजोर नव्हता. त्याच्याकडे पुरेसा हलका गिअरच नव्हता.

आता हेच मागचं फ्रीव्हील १४ ते ३४ दात्यांचं घातलं तर? सात गिअरचं असं फ्रीव्हील बाजारात मिळतं. त्यावर ‘मेगारेंज’ असं लिहिलेलं असतं. २४ भागिले ३४ म्हणजे ०.७१. तेवढ्याच ६० फेऱ्यांत वेग ताशी सव्वापाच किलोमीटरच्या आसपास. चढावरचा गिअर जवळपास १८ टक्के हलका झाला, आणि सपाटीवरचा जड गिअर होता तसाच राहिला. एक भाग बदलून.

तुलनेसाठी, मागे ११ ते ४२ दात्यांचे नऊ गिअर आणि पुढे ३२ दात्यांचं एकच चक्र असलेला संच घेऊ. तरुण मुलांना तो हवाहवासा वाटतो. त्याचा सर्वांत हलका गिअर ३२ भागिले ४२, म्हणजे ०.७६. सर्वांत जड ३२ भागिले ११, म्हणजे २.९१. म्हणजे हलक्या टोकाला आणि जड टोकाला, दोन्हीकडे, ३४ दात्यांचं साधं फ्रीव्हील बसवलेली जुनी सायकल त्याच्यापेक्षा पुढेच आहे! मी हे गणित भाच्याला वहीवर करून दाखवलं तेव्हा त्याने ते स्वतःच्या मोबाईलवर पुन्हा केलं. बरं वाटलं. विश्वास ठेवण्यापेक्षा तपासलेलं चांगलं.

अर्थात पुढे एकच चक्र असण्याचे फायदे खोटे नाहीत. पुढचा डिरेलर आणि त्याचा शिफ्टर जातो, चेन खडबडीत रस्त्यावर कमी उतरते, डोकं एकाच हाताच्या गिअरवर राहतं. पण तो फायदा सुटसुटीतपणाचा आहे, चढाचा नाही. ज्याला चढाचा त्रास आहे त्याला सुटसुटीतपणा विकणं, हे पोटदुखीवर चष्मा देण्यासारखं झालं.

हिशेब झाला, मग तपासणी. इथे मला सूत कामाला आलं. सुतार आणि फिटर मंडळी इंचाचे आठ भाग करतात, त्यातल्या एका भागाला सूत म्हणतात. सायकलच्या चेनची एका पिनेपासून दुसऱ्या पिनेपर्यंतची लांबी अर्धा इंच असते. जगात कुठेही जा, गिअरची असो वा साधी, हे माप तेच. म्हणून चेनवर २४ पिना पुढे मोजल्या की नव्या चेनमध्ये बरोबर १२ इंच भरतात. चेन झिजते म्हणजे तिच्या पिना आणि बूश घासतात आणि ती लांब होते. स्टीलची पट्टी घ्यायची, शिवणकामाची टेप नाही, कारण ती ताणली जाते. पट्टीची शून्याची रेघ एका पिनेच्या मध्यावर धरायची आणि पलीकडे बघायचं. चोविसावी पिन १२ इंचाच्या रेघेपासून अर्ध्या सुताने पुढे गेली असेल तर चेन बदलायची वेळ झाली. एक सूत पुढे गेली असेल तर बहुधा मागच्या चक्राचे दातेही तिने खाल्लेले असतात. मग नुसती नवी चेन घातली तर ती त्या झिजलेल्या दातांवरून उडते.

भाच्याच्या चेनची पिन एक सुताच्याही पुढे होती. चार पावसाळे तिने काढले होते, आणि पुसून तेल घालायचं असतं हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. ‘मामू, दुकानात कोणी पट्टी लावलीच नाही,’ तो म्हणाला. माझा राग तिथे आहे. ४५ हजारांचा सल्ला देण्याआधी वीस रुपयांची पट्टी लावायला काय हरकत होती?

आम्ही सायकल घेऊन आमच्या जुन्या मिस्त्री चाचांकडे गेलो. त्यांची जागा म्हणजे पत्र्याचं शेड, एक पाण्याची परात आणि पान्ह्यांची फळी. त्यांनी सायकल उलटी केली, पायडल फिरवलं आणि मागून बघत म्हणाले, ‘मास्तर, आधी हे वाकलेलं बघा.’ डिरेलर ज्या कानाला लटकतो तो कान आत वळलेला होता. सायकल कधीतरी उजव्या अंगावर पडली असणार. कान वाकला की डिरेलर तिरका होतो, मग गिअर कधीच जागेवर पडत नाही, कितीही स्क्रू फिरवा. केबल काढली तर ती नळीच्या आत गंजलेली. म्हणजे ‘गिअर खराब झालेत’ या तक्रारीतले निम्मे दुखणे वाकलेल्या कानाचं आणि गंजलेल्या केबलचं होतं. स्टीलचा कान होता म्हणून चाचांनी तो सावकाश सरळ केला. ॲल्युमिनियमचा असता तर वाकवताना तुटण्याची भीती असते, तिथे सुटा मिळणारा नवा घालणंच बरं.

फ्रीव्हील उघडायला जास्त वेळ गेला. स्वस्त सायकलींवर मागची चक्रं हबवर आट्यांनी बसवलेली असतात, आणि प्रत्येक पायडलच्या जोराने ती आणखी घट्ट होत जातात. चार वर्षांचं घट्ट झालेलं फ्रीव्हील सोडवायला त्या त्या खाचेचं हत्यार लागतं. हातोडी-छिन्नीने ठोकून काढायला गेलं तर हब जातो. चाचांनी हत्यार व्हाइसमध्ये धरलं आणि चाकालाच स्टिअरिंगसारखं फिरवलं. दोन माणसांचा जोर लागला.

नवं फ्रीव्हील घालताना त्यांनी आणखी एक गोष्ट विचारली जी माझ्या ध्यानात आली नव्हती. ‘डिरेलर किती दात्यांपर्यंत चालतो?’ सर्वांत स्वस्त डिरेलर २८ दात्यांपर्यंतच बनवलेले असतात. त्यावर ३४ घातलं तर वरचं चाक चक्राला घासतं. म्हणून डिरेलरही ३४ दात्यांपर्यंत चालणारा घेतला. चेनही नवी, आणि लांबी नव्याने मोजलेली. पुढचं सर्वांत मोठं आणि मागचं सर्वांत मोठं या दोन्हींवरून, डिरेलरमधून न नेता, चेन गुंडाळायची आणि जिथे जुळते तिथून वर आणखी दोन कड्या धरायच्या. जुन्या लांबीची चेन तशीच घातली आणि चुकून मोठ्या-मोठ्यावर गेली, तर डिरेलर मुळासकट उपटून येतो.

खर्च लिहितो, कारण पैशाचा लेख आकड्याशिवाय पुरा होत नाही. आम्हाला पडला तो असा : फ्रीव्हील १,०५०, चेन ६५०, डिरेलर १,२००, केबल आणि नळ्या २५०, मजुरी ५००. एकूण ३,६५० रुपये. तुमच्या गावात थोडं कमी-जास्त होईल. चाचांनी मजुरी ३०० सांगितली होती. भाच्याने ५०० दिले. दोन तास एका मुलाला शेजारी बसवून शिकवत काम करणाऱ्याची किंमत ३०० नसते.

आता थोडं मागे जाऊ, कारण या सायकलीचा जन्मच असा झालाय. १९७० च्या दशकात अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या मरिन काउंटीत काही तरुण माउंट टॅमलपाईसच्या मातीच्या वाटांवरून जुन्या, जाड टायरच्या, फेकून दिलेल्या सायकली उतरवायचे. श्विन कंपनीच्या जुन्या सायकली त्यांच्या आवडीच्या. पायडल उलटं फिरवून लागणारे त्यांचे ब्रेक उतारावर इतके तापायचे की हबमधलं ग्रीस जळून जायचं आणि ते पुन्हा भरावं लागायचं. म्हणून तिथल्या शर्यतीचं नावच ‘रीपॅक’ पडलं. पहिली शर्यत ऑक्टोबर १९७६ मध्ये झाली. उतरणं जमलं, पण चढायचं कसं? गॅरी फिशर आणि त्याच्यासारख्यांनी त्या भंगार सायकलींना दुसऱ्या सायकलींचे डिरेलर आणि गिअर बसवले. १९७७ मध्ये जो ब्रीझने या कामासाठी मुद्दाम फ्रेम बनवली, आणि १९८१ मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीची स्टंपजंपर कारखान्यातून बाहेर पडली. सांगायचं एवढंच, की माउंटन बाईक आधी जुळवाजुळव होती आणि नंतर उत्पादन झाली. जुन्या सायकलीला कमी पैशांत चढण्याजोगे गिअर बसवणं ही तडजोड नाही, तो या सायकलीचा मूळ धर्मच आहे.

पुढची प्रगतीही मी नाकारत नाही. जपानच्या सनटूर कंपनीने १९६४ मध्ये तिरक्या चौकोनाचा डिरेलर आणला. १९८४ मध्ये त्याचं पेटंट संपलं आणि इतरांनी तो उचलला. त्याच वर्षी शिमानोने ‘टक’ आवाज करून नेमक्या जागी थांबणारा शिफ्टर शर्यतीच्या सायकलीवर आणला. आज सर्वांत स्वस्त गिअरच्या सायकलीवरही या दोन्ही गोष्टी असतात. म्हणजे आज तुमच्या मुलाच्या साध्या सायकलीवर जे आहे, ते एके काळी शर्यतवाल्यांच्या स्वप्नातलं होतं.

पण २०१२ मध्ये स्रॅम कंपनीने पुढे एकच चक्र आणि मागे अकरा गिअर आणले, २०१६ मध्ये बारा केले, आणि तिथून स्पर्धा आकड्यांची झाली. तेवढ्याच जागेत जास्त चक्रं बसवायची म्हणजे चेन बारीक करावी लागते. आठ गिअरची चेन बाहेरून सुमारे सात मिलिमीटर रुंद असते, बारा गिअरची सव्वापाचच्या आसपास. तिला जुळवणी अधिक नाजूक लागते, भाग महाग पडतात, आणि शिमानोच्या बारा गिअरच्या १० ते ५१ दात्यांच्या संचाला मागचा हबच वेगळ्या खाचांचा लागतो. जुनं चाक त्याला चालत नाही. मजा अशी की २०२३ मध्ये त्याच शिमानोने ‘क्यूज’ नावाची मालिका आणली, नऊ, दहा आणि अकरा गिअरची, आणि तिची जाहिरात केली ती टिकाऊपणावर! म्हणजे टिकणं ही गोष्ट ग्राहकाला हवी असते, हे कंपनीलाही माहीत आहे.

आता प्रामाणिकपणे दुसरी बाजू. प्रत्येक जुनी सायकल वाचवावीच असं मी म्हणत नाही. फ्रेमला तडा असेल, सायकल मुलाच्या उंचीला लहान पडली असेल, तर तिच्यावर रुपया घालू नका. ब्रेक धड नसतील तर आधी ब्रेक. चढाव गिअरने चढता येतो, पण घाट उतरताना जीव ब्रेकवर असतो. ३४ दात्यांच्या फ्रीव्हीलचेही दोष आहेत. त्यात २४ वरून थेट ३४ वर उडी असते, तिथे पाय एकदम मोकळा पडतो, सवय व्हायला दोन-तीन फेऱ्या लागतात. आणि आट्यांच्या फ्रीव्हीलमध्ये उजव्या बाजूचं बेअरिंग आत राहतं, त्यामुळे जड माणूस, खराब रस्ता आणि उड्या असतील तर मागचा एक्सल वाकतो किंवा तुटतो.

ज्याला एवढ्याने भागणार नाही त्याने दुसरा टप्पा जरूर गाठावा, पण क्रमाने. आधी मागचं चाक कॅसेट बसणाऱ्या फ्रीहबचं घ्यायचं. तिथे बेअरिंग बाहेरच्या टोकाला असतं, एक्सल टिकतो. घेताना फ्रेमच्या मागच्या दोन कानांमधलं अंतर मोजायचं. बऱ्याच माउंटन बाईकमध्ये ते १३५ मिलिमीटर असतं. मग शिफ्टर, डिरेलर आणि कॅसेट एकाच मेळाचे. इथे लोक फसतात. एका कंपनीचा नऊ गिअरचा शिफ्टर केबल जेवढी ओढतो तेवढीच ओढ दुसऱ्या कंपनीच्या डिरेलरला चालेल असं नाही. सुटे भाग स्वस्तात मिळाले म्हणून जमवले आणि ते एकमेकांशी बोलतच नाहीत, असं होतं. मायक्रोशिफ्ट या तैवानी कंपनीचा ११ ते ४२ दात्यांचा नऊ गिअरचा संच साध्या फ्रीहबवर बसतो, असे पर्याय शोधावेत. आणि पुढची चक्रं क्रँकला रिव्हेटने ठोकलेली असतील तर पुढे एक चक्र करण्यासाठी क्रँकही बदलावी लागेल, हे आधी हिशेबात धरावं. सगळं मिळून खर्च नव्या सायकलीच्या निम्म्यावर जात असेल तर थांबून विचार करावा.

एक आक्षेप मला माझ्याच घरातून आला. बहिणीच्या नणंदेचा मुलगा म्हणाला, ‘तुम्ही आम्हालाच का सांगता जुन्यात भागवा म्हणून? श्रीमंतांच्या पोरांना कोणी सांगतं का?’ हा आक्षेप मी हसण्यावारी नेणार नाही. काटकसरीचा उपदेश नेहमी खालच्या दिशेनेच वाहतो. ज्यांच्याकडे दोन सायकली आहेत त्यांना तिसरीबद्दल कोणी विचारत नाही, आणि आमच्या मोहल्ल्यातल्या मुलाने एक चांगली वस्तू मागितली की सगळे त्याला सबुरी शिकवायला बसतात. चांगल्या सायकलीची इच्छा हा काही गुन्हा नाही. उद्या तो कमावता झाला आणि त्याने स्वतःच्या पैशाने ४५ हजारांची घेतली तर मी पहिला फेरा मारायला मागेन.

माझा मुद्दा काटकसरीचा नाहीच. मुद्दा आहे माहितीचा. ज्याला आपल्या सायकलीतलं काय झिजलंय हे मोजता येतं, तो नवी घेईल किंवा जुनी ठेवेल, पण निर्णय त्याचा असेल. ज्याला मोजता येत नाही त्याचा निर्णय दुकान घेतं आणि हप्ते मात्र त्याची आई भरते. सायकलचं तर निमित्त आहे. मोबाईल, गाडी, औषधं, मुलांचे क्लास, सगळीकडे आपण असेच मोठ्या आकड्याला भुलतो आणि कामाचा छोटा आकडा विचारतच नाही.

म्हणून काही साध्या मागण्या. सायकल विकणाऱ्यांनी जाहिरातीत गिअरच्या संख्येबरोबर पुढच्या आणि मागच्या चक्रांचे दाते ठळक लिहावेत. स्वस्त क्रँकवर चक्रं रिव्हेटऐवजी बोल्टने बसवावीत, म्हणजे एक चक्र झिजलं तर अख्खी क्रँक फेकावी लागणार नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली, तेव्हा शेतीची अवजारं, मोबाईल, घरातल्या टिकाऊ वस्तू आणि वाहनं ही क्षेत्रं आधी धरली. त्या यादीत सायकलही हवी, कारण पोटासाठी सायकल चालवणारे दूधवाले, पेपरवाले, बांधकामावरचे मजूर यांच्या वतीने बोलणारं कोणी नसतं. आणि आपल्यासाठीही एक. मिस्त्रीच्या मजुरीत घासाघीस करू नका. चाचांचा मुलगा शेडमध्ये बसायला तयार नाही, आणि मी त्याला दोष देऊ शकत नाही. दुकानातल्या काचेमागच्या माणसाने सांगितलेले ४५ हजार आपण ऐकून घेतो आणि ग्रीसने काळ्या झालेल्या हाताला पन्नास रुपये कमी देतो, मग ती विद्या कोणी शिकावी?

पुढच्या रविवारी मीही पहाटे घाटाच्या पायथ्याशी गेलो. माझी साधी सायकल तिथेच लावली आणि स्कूटरवाल्या एका मित्राच्या मागे बसून वर गेलो, खोटं कशाला सांगू. भाचा पहिला आला नाही. सातांमध्ये सहावा आला, घामाने निथळत. पण त्याचा पाय एकदाही जमिनीला लागला नव्हता. चहा घेताना तो म्हणाला, ‘मामू, त्या चोवीसवरून चौतीसवर जाताना एकदम पाय सुटतो. नऊ गिअरवाल्याला तसं होत नसेल ना?’

होत नाही, हे मी त्याला सांगितलं. सुट्टीत काम करून तो त्यासाठी पैसे साठवणार आहे. साठवू दे. दरम्यान महिन्यातून एकदा तो चेन पुसून पट्टी लावतो आणि मला एक आकडा पाठवतो. अजून अर्धं सूतही झालेलं नाही.